पोटाशी शिवलेला हात

बाळा जोगलाच्या नर्सरीत आनंदी लोके हिचं कलम ओळखायला चिठ्ठी लागत नसे. रोपाला हापूसची काडी जोडणाऱ्या पट्टीचे वेढे एकावर एक नीट बसलेले, गाठ आत दडपलेली, आणि कितीही ओढलं तरी जागची हलणार नाही. तीस वर्षं तिने मिठबावात बसून हापूसची कलमं बांधली. नवरा गेला, मुलगा सर्वेश मुंबईला नोकरीला लागला, गुडघे कुरकुरायला लागले, पण हात काही थांबले नाहीत. वाडीतल्या निम्म्या बायकांना हे काम तिनेच शिकवलं, आणि शिकवताना तोंडाचा पट्टा असा चालवला की दोघीतिघी रडून घरी गेल्या होत्या.

मथुरा मात्र गेली नाही. मथुरा म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको, तिची जाऊ. फोंडाघाटची पोर, घाटाच्या पायथ्याशी वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला समुद्राचीही भीती वाटायची आणि आनंदीचीही. आनंदी तिने बांधलेली कलमं एकेक करून सोडायची आणि तिच्या मांडीवर टाकायची.

"ह्या काय बांधणा? सांद्यात वारो शिरलो की काडी मेली. आवळ गो!"

दिवसभर तोच एक शब्द. आवळ. मथुरा आवळत राहिली. बोटांना चिरा पडल्या, घट्टे पडले, आणि पाच-सहा वर्षांत तिची गाठ आनंदीपेक्षाही पक्की झाली. आनंदीने हे तिला कधी सांगितलं नाही. कौतुक करणं तिच्या स्वभावातच नव्हतं, त्याला काय करणार?

त्या वर्षी गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्या दिवशी दोघी नर्सरीच्या मागच्या दगडी गडग्याजवळ रोपांच्या पिशव्या हलवत होत्या. जांभ्या दगडाच्या फटीत वीतभर लांबीचं विषारी फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. देवगडच्या कातळावर फुरसं कुठे नसतं? आनंदीने हजार वेळा पाहिलं होतं. या वेळी मात्र तिने आधी हात घातला आणि मग पाहिलं. उजव्या हाताच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या मुळाशी, दोन थेंब रक्त आलं.

मथुराने कमरेला खोचलेली कलमाची पट्टी उपसली. तिने विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित आरोग्य केंद्रातल्या बाईंनी दर पावसाळ्यात सांगितलेलं आठवलं असतं, की साप चावला तर दोरी बांधू नका. पण हातांना जे येत होतं तेच हातांनी केलं. मनगटावर तीन वेढे घेतले आणि गाठ आत दडपली.

"आवळ," आनंदी म्हणाली. "आजून आवळ गो!"

रिक्षा मिळून आरोग्य केंद्र गाठेपर्यंत दीड तास गेला. तिथे पट्टी कापावी लागली, कारण गाठ कुणालाच सुटेना. इंजेक्शनं दिली, सलाईनं लावली, जीव वाचला. हात मात्र कोपरापर्यंत सुजला, आणि दहा दिवसांत पंजाच्या पाठीवरचं कातडं काळं पडून वाळक्या पानासारखं सुटू लागलं.

म्हणून कुडाळच्या बाजूच्या एका रुग्णालयात आणलं. मेलेलं कातडं काढून टाकलं, आणि ड्रेसिंग सोडलं तेव्हा आनंदीने एकदाच वाकून पाहिलं. बोटं हलवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्या होत्या. तिने तोंड फिरवलं. माझा हात गेला, आता मी काय करू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं काम कोण शिकवणार, आणि ती तरी कशी शिकणार?

डॉक्टर आकांक्षा कोल्हापूरहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. कातडं जोडण्याचं काम करणारी सर्जन. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि बोलणं स्पष्ट. तिने खुर्ची ओढली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मनगटाला एवढं घट्ट कुणी बांधलं होतं?"

मथुरा चहा आणायला खाली गेली होती. आनंदीने दाराकडे बघितलंही नाही.

"ता मीच बांधलंय," ती म्हणाली. मग समोर शिकलेली बाई आहे हे आठवून भाषा बदलली. "मीच बांधलं. डाव्या हातानं आणि दातानं."

डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं. "मावशी, विषानं थोडं कातडं गेलंच असतं. पण बांधल्यामुळे विष एका जागी साठलं आणि रक्ताची वाट बंद झाली. एरवी रुपयाएवढं गेलं असतं, ते तळहाताएवढं गेलं. पुढच्या वेळी कुणालाही बांधू देऊ नका."

आनंदीने मान डोलावली. आपण खोटं का बोललो हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. मथुराने बांधलं होतं हे खरं. पण आवळ कोण म्हणालं होतं? आणि वीस वर्षं रोज कोण म्हणत आलं होतं? मथुराला हे कळता कामा नये, एवढं तिने ठरवून टाकलं. थोड्या वेळाने मथुरा चहा घेऊन आली. चहा पार निवून गेला होता. आनंदीने त्यावरूनही तिला बोलून घेतलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं. मांडीवरचं पातळ कातडं काढून हातावर डकवलं तर ते धरणार नाही. उघड्या दोऱ्यांमधून त्याला रक्त मिळणार नाही, ते तहानेनं मरेल. इथे कातडं त्याच्या रक्तासकट आणायला हवं. म्हणजे जांघेच्या वरचं, कमरेच्या कडेचं कातडं तीन बाजूंनी उचलायचं, चौथी बाजू अंगालाच ठेवायची, आणि हात तिथे नेऊन त्याला शिवायचा. तीन आठवडे कातडं पोटाचं रक्त पिणार आणि हातात हळूहळू मूळ धरणार. मग पोटाकडचा देठ कापायचा.

आनंदी कितीतरी दिवसांनी उठून बसली.

"म्हणजे भेट कलम," ती म्हणाली.

"काय?"

"रोपाची कुंडी माचावर चढवून आंब्याच्या फांदीजवळ नेतात. फांदी झाडावरून तोडत नाहीत. दोघांची साल तासायची, चिकटवून बांधायची. फांदी आईचं पीत राहते आणि रोपाला धरते. धरली की मग आईकडून कापायची. आता कोण करत नाही एवढी खटपट. पण आमचे सासरे करायचे."

डॉक्टर हसली. दमलेल्या माणसाचं हसू होतं, पण खरं होतं. मग ती जास्त मोकळेपणाने सांगू लागली. एक छोटं यंत्र कमरेवर फिरवलं, त्यातून सूं सूं असा आवाज आला. "ही शीर. इथून निघते आणि अशी कडेला जाते." पेनने तिने कातडीवर रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या दोन्ही अंगांनी लांबट पानाचा आकार काढला. "शीर मधोमध ठेवून कापलं तर कातडं लांब उचलता येतं, टोकापर्यंत रक्त पोचतं. शीर सोडून भलतीकडे कापलं तर लांबी बेतानंच ठेवावी लागते. बुंधा अरुंद आणि पट्टा लांब केला की टोक मरतं. आणि सगळं बरोबर कापूनही देठ पिळला गेला, दुमडला, तर रक्त अडतं. म्हणून हात हलता कामा नये."

"काडी निवडताना पण बघावंच लागतं," आनंदी म्हणाली. "नुसती जाड असून चालत नाही."

तिला बरं वाटलं ते तेवढंच. ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात कमरेला शिवलेला होता, कोपर अंगाशी रुंद पट्टीने बांधलेलं, आणि पाठीत कळ मारत होती. उताणं झोपायचं, गुडघे जरा वर घ्यायचे, कूस बदलायची नाही. शिंक आली तरी भीती वाटायची. दर दोन तासांनी सिस्टर येऊन शिवलेल्या कातड्यावर बोट दाबायची. दाबलं की पांढरं, सोडलं की दोन-तीन आकडे मोजेपर्यंत गुलाबी. पांढरंच राहिलं तर रक्त येत नाही, निळं पडलं तर आलेलं रक्त परत जात नाही. दुसऱ्या दिवशी आनंदी स्वतःच डाव्या हाताने दाबून बघू लागली.

मथुरा पलंगाखाली चटई टाकून राहिली होती. भरवणं, पुसणं, भांडं देणं, वेणी घालणं, सगळं तीच करायची. आनंदीला दुसऱ्याच्या हातून पेज खायची सवय नव्हती. ती खेकसायची. मथुरा पूर्वी निदान फणकारायची तरी, आता तेही नाही. मान खाली घालून चमचा पुढे करायची. घर सोडून महिना होत आला, कंटाळली असेल बिचारी, असं आनंदीला वाटलं. आणि कुणी आपल्यामुळे कंटाळलंय हे कळलं की आनंदी जास्तच कटकट करायची.

कोपराची ती रुंद पट्टी रोज अंग पुसायला सोडावी लागे. पुसून झालं की ती मथुराने बांधायची.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, आनंदीला जेवणानंतर डोळा लागला. जागी झाली तेव्हा पट्टी पोटावर सैल पडली होती आणि कोपर गादीवर घसरलं होतं. तिने शिवलेल्या कातड्याकडे पाहिलं. टोक जांभळट निळं झालं होतं. दाबलं. नीट पांढरंही होईना.

"मथुरा! सिस्टरांक घेवन ये. धाव!"

नशिबाने डॉक्टर आलेली होती. तिने कोपर वर उचललं, खाली उशा दिल्या, दुमडलेला देठ सरळ केला, दोन टाके सैल केले. टोकाला सुई टोचली तर काळपट रक्त आलं, आणि मग लाल. सगळेजण त्या कातड्याकडे बघत उभे राहिले. अर्ध्या तासाने रंग उजळायला लागला. करंगळीच्या नखाएवढं टोक मात्र काळंच राहिलं.

"बाकीचं वाचलं," डॉक्टर म्हणाली आणि भिंतीला टेकली. "पण पट्टी एवढी सैल कशी?"

सगळे गेल्यावर आनंदी मथुरावर उसळली. "तुजी गाठ सुटता? तुजी? वाडीत कोणाची सुटात, तुजी नाय सुटाची!"

मथुरा पट्टी हातात धरून उभी होती. सिस्टरनेच येऊन पट्टी बांधली, आणि त्या दिवसापासून सिस्टरच बांधू लागली.

तीन आठवडे कसे गेले हे विचारू नका. दिवाळी गेली. खिडकीतून कुणाच्या तरी घरचा कंदील दिसायचा. सर्वेश दोन दिवस येऊन गेला आणि आईला बघून वॉर्डाबाहेर जाऊन रडला. आनंदी दिवस बोटांवर मोजत होती, तेही डाव्या हाताच्या. घरी जायचंय, आडवं होऊन कुशीवर झोपायचंय, याशिवाय तिला दुसरं काही नको होतं.

बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टरने देठाभोवती रबराची नळी आवळून रक्त थांबवलं आणि ती घड्याळ लावून बसली. कातडं आता हाताच्या रक्तावर जगतं का, ते बघायचं होतं. बराचसा भाग गुलाबी राहिला. कडेचा दोन बोटं रुंद भाग फिकट पडला. डॉक्टरने नळी सोडली.

"आज कापता येईल," ती म्हणाली. "धरेलही. पण..."

आनंदीला तो पण ऐकायचा नव्हता. कापा एकदाचं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांचं आठवलं. ते फांदी एकदम कधीच तोडत नसत. आधी अर्धी चीर द्यायचे आणि आठ दिवस वाट बघायचे. फांदी रोपावर जगायला शिकली, की मग उरलेली. कितीही घाई असली तरी आठ दिवस.

"अर्धाच कापा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "उरलेला पुढच्या आठवड्यात."

"आम्हीही शंका असली की तसंच करतो," डॉक्टर म्हणाली. "मला वाटलं तुम्ही ऐकणार नाही."

आणखी आठ दिवस ती तशीच पडून राहिली. मथुरा चटईवर.

हात वाचला. म्हणजे हात हाताच्या जागी राहिला. पाठीवर पोटाचं कातडं, जाडं, मऊ, फुगीर, बाकीच्या काळ्याभोर हातात उपऱ्यासारखं उजळ. बोटं अर्धी मिटायची. व्यायाम करून करून पावसाळ्यापर्यंत अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत आलं. सुरी धरता येऊ लागली. पट्टी आवळता येत नव्हती, आणि येणारही नव्हती, हे तिला न सांगताच कळलं होतं.

आषाढात ती नर्सरीत जाऊन बसली. ती कोवळी रोपं चिरून काडी खोचून द्यायची, मथुरा बांधायची. दोघी मिळून एक माणूस, असं बाळा जोगल हसत म्हणाला. पंधरा दिवसांनी मात्र तो हसला नाही. शेडमध्ये उकिडवा बसून त्याने पिशव्या चाळल्या आणि आनंदीला बाजूला बोलावलं.

"काकी, अर्धी कलमां मेली. काप तुमचो, तो बरोबर आसा. बांधणा धरणा नाय. मथुराकाकीक पाणी घालूच्या कामार लावतंय. वायट वाटता, पण काय करू?"

"आजचो दिस थांब," आनंदी म्हणाली.

ती मथुराशेजारी येऊन बसली. नुकतंच बांधलेलं कलम उचललं आणि अंगठ्याने सांधा ढकलून पाहिला. काडी हलली. तिने पट्टी सोडली आणि वीस वर्षांपूर्वीसारखीच मथुराच्या मांडीवर टाकली. मथुराने वर पाहिलं नाही.

"ढिला कित्याक बांधतंस?"

मथुराने पुढचं रोप उचललं.

"मथुरा, मी इचारतंय."

"माका आवळूक धीर होणा नाय," मथुरा म्हणाली. हातातलं रोप तिने खाली ठेवलं. "पट्टी ताणली की तुजो काळो हात दिसता. आस्पतालात पण तसाच झाला. तुजा कोपर बांधूक गेलंय आणि हातच चलले नाय."

"ता विषान काळा झाला गो."

"खोटा बोला नको, वयनी. एकदा बोललंस ता पुरे झाला. मी चायचो पेलो घेवन दारातच होतंय. डॉक्टरीण काय बोलली, तू काय सांगलंस, सगळा आयकलंय. मगे जिन्यार जावन बसलंय."

आनंदीला तो निवलेला चहा आठवला. महिनाभर ही चटईवर पडून होती, आपली बोलणी खात होती, आणि हे सगळं गिळून चमचा पुढे करत होती. आपण तिला वाचवलं असं आपल्याला वाटत होतं. तिला किती एकटं पाडलं आपण! आनंदीला स्वतःचा राग आला आणि मथुराची कीव आली.

मग तिने उजवा हात मथुराच्या मांडीवर ठेवला. कातडं वर करून, मनगट पुढे करून.

"बांध."

"काय?"

"हय. मनगटार बांध. मी सांगतंय थंयसर आवळ."

"नाय! माका नाय जमाचा!"

"त्या दिसा आवळ म्हणान मीच सांगलंय. आज पण मीच सांगतंय. आवळ गो."

मथुराने मांडीवरची पट्टी उचलली. एक वेढा गेला, दुसरा गेला. आनंदी म्हणत राहिली, आजून, आजून जरा. तिसऱ्या वेढ्याला मथुरा रडायला लागली, पण हात थांबले नाहीत. आनंदीने स्वतःच्या बोटाचं नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं, आणि दोघी वाकून बघत राहिल्या. गुलाबी व्हायला नेहमीपेक्षा जरा उशीर लागला.

"हां. बस. इतक्यार थांबाचा. काडयेक इतक्याच व्हया, जास्त नको."

मथुराने नाक पदराला पुसलं. मनगटावरची पट्टी सोडली, बोटांवर ताणून सरळ केली, आणि तीच समोरच्या रोपाला घेऊन आवळली.